दुसरी किल्ली माझ्याकडे होती

"मॅडम, तुमच्या घराची किल्ली हरवलीय का?" हा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते. एका हातात खडू, दुसऱ्या हातात फोन, म्हणून डस्टर काखेत धरलेलं. किल्ली हरवणं ही माझ्या आयुष्यातली काही बातमी नव्हे. मी हसतच म्हटलं, "हरवली असेल हो. कुठं सापडली?" पोलीस ठाण्यातून बोलतोय, पलीकडचा माणूस म्हणाला. एका बाईच्या पर्समध्ये किल्ली मिळाली होती. तिला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, तिच्यावर 'मंगल बाई' असं लिहिलेलं आणि खाली माझा नंबर. "या बाई तुमच्या कोण लागतात?" त्यानं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणाला, "परभणीला दवाखान्यात या. येताना कुणाला तरी सोबत आणा." सोबत कुणाला तरी आणा असं पोलीस कधी म्हणतात हे न कळण्याइतकी मी लहान नाही. काखेतलं डस्टर खाली पडलं… मी पर्समध्ये हात घातला. तिच्या स्कूटीची दुसरी किल्ली माझ्या पर्समध्ये होती. तिलाही चिकटपट्टी होती, माझ्या अक्षरात: 'सुजाता'.

दवाखान्यात मी तिला चेहऱ्यावरून ओळखलं नाही. ओळखण्यासारखा चेहरा तिला ठेवलाच नव्हता. चादरीबाहेर आलेल्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, त्यावरून मी म्हटलं, हो, हीच. तिला एका माणसानं लोखंडी गजानं मारलं. भर दुपारी, त्याच्या घराच्या ओसरीत, शेजारीपाजारी बघत असताना, जीव जाईपर्यंत मारलं. हे वाक्य मी मुद्दाम इतकं सरळ लिहितेय, कारण गेल्या काही आठवड्यांत याच वाक्याच्या इतक्या आडवाटा मी ऐकल्यात की माझं डोकं भणभणून गेलंय. त्या माणसाचं नाव इथं लिहिणार नाही. कोर्टाच्या कागदावर ते आलंय, तेवढी प्रसिद्धी त्याला पुष्कळ झाली. हा लेख सुजाताचा आहे.

जिंतूरच्या बाजार मैदानावर सकाळी फिरायला जाणाऱ्या प्रत्येकानं तिचा आवाज ऐकलेला आहे. ती बायकांना स्कूटी शिकवायची. डोक्यावर ओढणी बांधलेली, पायात बूट, आणि शिकणारीच्या मागं धावत धावत आरडाओरडा: "ब्रेक दाब माय, ब्रेक! हॉर्न न्हाई, ब्रेक!" पंचेचाळिशी ओलांडलेल्या, नातवंडं झालेल्या बायासुद्धा तिच्याकडं शिकून गेल्या. मीही त्यातलीच. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी स्टँड न काढताच गाडी पळवली आणि वळणावर तोंडावर आपटले. गुडघा फुटला. तिनं मला उठवलं, पाणी दिलं, आणि रागावण्याऐवजी भलतंच विचारलं, "ओ बाई, एक सांगा. घरातनं निघताना कितीदा माघारी जाता?" मी म्हटलं, एकदा चष्म्यासाठी, एकदा डब्यासाठी, एकदा गॅस बंद केला का ते बघायला. "आन् वर्गात शिकवताना एका गोष्टीवरनं दुसरीवर, दुसरीवरनं तिसरीवर? लोक बोलायलेत तर मधीच तोंड घालता? साडी निम्मी इस्त्री करून ठिवता?" मला वाटलं माझ्या नवऱ्यानंच हिला सगळं सांगितलंय. ती खो खो हसली. म्हणाली, "माझ्याच जातीच्या दिसायल्या तुमी."

ही जात तिला अशी सापडली होती: तिच्या बहिणीच्या मुलाला शाळेनं डॉक्टरकडं न्यायला सांगितलं. नांदेडच्या डॉक्टरांनी मुलाबद्दल प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि प्रत्येक प्रश्नाला मुलाच्या आईच्या आधी मावशीनंच 'हो' म्हटलं. शेवटी डॉक्टरांनी मुलाला बाहेर खेळायला पाठवलं आणि मावशीला खुर्चीत बसवलं. एडीएचडी. लक्ष एका जागी न टिकणं, हातातली वस्तू ठेवली कुठं ते विसरणं, काम सुरू करता न येणं आणि सुरू केलं की संपवता न येणं, आणि नाकाच्या शेंड्यावर राग. लहान मुलांना असतं म्हणतात. पण ती मुलं पुढं मोठी होतात, त्यांची लग्नं होतात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सुजाता परतीच्या एसटीत जिंतूर येईपर्यंत रडली होती. "दुःखानं न्हाई रडले बाई," ती मला म्हणाली, "मला सगळा मार आठवायला लागला. एकेक. कशाकशापायी खाल्ला ते."

तो मार तिनं मला पुढं तुकड्यातुकड्यांनी सांगितला, बहुतेक वेळा हसत. दप्तर नदीकाठी विसरून आली म्हणून आईनं तापलेला चिमटा दंडावर ठेवला. शाळेत बाकावर उभं करून मारताना छडी मोडली, तर दुसरी छडी तोडून आणायला गुरुजींनी तिलाच पाठवलं, आणि ती वाटेत एका सरड्याच्या मागं लागून छडीचं विसरून गेली. त्याचा मार वेगळा. वडील मायाळू, पण ते लवकर गेले. लग्न झालं. सासरी पातेलं करपलं म्हणून नवऱ्यानं लाटण्यानं करंगळी मोडली. तिनं त्याच करपलेल्या पातेल्यानं त्याचा दात पाडला आणि तशीच, मोडलेलं बोट पदरात गुंडाळून, माहेरी आली. बोट वाकडंच जुळलं. "ब्रेक दाबायला बरं हाय," म्हणायची, "आकडा झालाय आकडा." मी हसायचे, आणि मग घरी येऊन मला राग चढायचा. त्या नवऱ्याचा, त्या गुरुजींचा, त्या चिमट्याचा. तिचा राग निराळा होता. तो भडकन् पेटायचा आणि विझायचा. माझा आत धुमसत राहतो.

आमच्यासारख्यांचा गट तिनंच काढला. विहाराच्या मागच्या खोलीत, दर रविवारी. आम्ही सगळे त्याला 'धांदरट मंडळ' म्हणायचो. वेळ अकराची, पण आमच्यासारख्यांची अकराची वेळ म्हणजे काय ते तिला माहीत होतं. ती प्रत्येकाला वेगळी वेळ सांगायची: मोबाईल दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंना साडेनऊ, मला दहा. आम्ही सगळे आपापल्या परीनं उशिरा निघून बरोबर अकराला पोचायचो, आणि हे गुपित कळायला मला वर्ष लागलं. पहिली बैठक मात्र हाणामारीनं संपली होती. गटात बसलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याचं बोलणं तोडणारा. कुणालाच पूर्ण वाक्य मिळेना. जन्मभर ज्यांना 'गप बस' ऐकावं लागलं ते पहिल्यांदाच बोलायला बसलेले, आणि त्यांनाही पुन्हा कुणीतरी मध्येच तोडतंय… सलीमभाईंनी खुर्ची उचलली. समोरच्या गृहस्थांनी त्यांची गचांडी धरली. खुर्ची खिडकीवर आदळली, काच फुटली. सुजाता मध्ये घुसली, दोघांना एकेक ठेवून दिली आणि ओरडली, "घरचा मार कमी पडला का रं, इथं येऊन मारामारी करायलाव?" मग ती स्वतःच मटकन् खाली बसली आणि ज्या हातानं मारलं होतं त्या हाताकडं बघत राहिली. "माझं बी चुकलं," म्हणाली. "आजपासनं या खोलीत हात उगारायचा न्हाई. मी बी न्हाई." तो नियम तिनं पाळला. खोलीबाहेरचं मी सांगत नाही. मैदानावर शिकणाऱ्या पोरींना शिट्ट्या मारणाऱ्या एका टोळक्याला तिनं हेल्मेटनं झोडपलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

तिच्या दोन गोष्टी आमच्या मंडळात चालीरीतीसारख्या झाल्या. एक म्हणजे किल्ल्यांची फळी. दारातच भिंतीला एक फळी, तिच्यावर खिळे. आत येणाऱ्यानं आधी किल्ली खिळ्याला टांगायची, मग नमस्कार-चमत्कार. आणि प्रत्येकाची दुसरी किल्ली त्याच्या जोडीदाराकडं. माझ्या घराची तिच्याकडं, तिच्या गाडीची माझ्याकडं. हरवली तर काय, याचा नियमही ठरलेला: "शोधायचं न्हाई. शोधायला लागलं की आपन हरवतो. गुमान फोन करायचा." दुसरी गोष्ट सोबतीची. आमच्यासारख्यांना एखादं काम, समजा साठलेली भांडी किंवा तुंबलेले पेपर, एकट्यानं होत नाही. नुसतं कुणीतरी शेजारी बसलं तर होतं. मदत लागत नाही, उपदेश तर नकोच. नुसतं बसायचं. मी दहावीचे पेपर तपासायचे आणि ती माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून शेंगा फोडत बसायची. ती मैदानाच्या परवानगीचा अर्ज लिहायची आणि मी तिच्या आईशी गप्पा मारायचे. त्याला ती 'सोबत' एवढंच म्हणायची. "आज कुणाला सोबत पायजे?" असं विचारूनच तिची बैठक संपायची.

ती आमच्याकडं पहिल्यांदा सोबतीला आली तेव्हाचं सांगायलाच हवं. माझ्या सासूबाई जुन्या वळणाच्या. आम्ही मराठा, ती बौद्ध. सासूबाईंनी सगळ्यांना बशीसकट कप दिले आणि तिला कोपऱ्यातला स्टीलचा पेला. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. सुजातानं पेल्याकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं. चहा प्यायली. मग "आजी, मी ठिवते की," म्हणत सगळ्यांचे कप ट्रेमध्ये गोळा केले, मोरीपाशी गेली, आणि अख्खा ट्रे तिच्या हातून सटकला. सहाच्या सहा कप. तिच्या हातून वस्तू पडायच्याच, त्यामुळं ते कप पडले की पाडले, हे मी तिला अनेकदा विचारलं आणि तिनं मला अनेकदा फक्त डोळा मारला. पुढच्या खेपेपासून आमच्या घरात सगळ्यांना स्टीलचे पेले. कप आणायचं मी विसरले होते, आणि या विसरण्याबद्दल मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

अनिता मंडळात आली ती गेल्या उन्हाळ्यात. चारठाण्याच्या पुढं फाट्यापासून आत तिचं गाव. घरी शिलाईमशीन, ब्लाऊज शिवते, हात सुबक, पण काम वेळेवर कधी पुरं होत नाही. ती सुजाताकडं स्कूटी शिकायला आली आणि पहिल्याच दिवशी सुजाताला तिच्या कानामागं वाळलेलं रक्त दिसलं. बैठकीत अनिता आधी बोलेना. मग एका रविवारी, खाली बघत, सहज सांगावं तसं तिनं सांगितलं: परवा दूध उतू गेलं म्हणून नवऱ्यानं मशीनच्या टेबलावर डोकं आपटलं. त्याच्या आधी पोरीचा डबा विसरला म्हणून. त्याच्या आधी… "माझंच ध्यान नसतंय, ताई," ती म्हणाली. "त्यो तरी काय करील?" आम्हा सगळ्यांनाच हे वाक्य पाठ होतं. सुजाता उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. तिला एका जागी बसून राग येत नसे. "हे बग अनिता," ती म्हणाली, "दूध उतू गेलं तर काय करायचं? वटा पुसायचा. बाईचं डोकं आपटल्यानं वटा पुसला जातो का गं?" अनितानं मान हलवली. "मग? तुजं चुकलं तेवढं दुधाचं. डोक्याचं ज्यानं केलं त्याचं त्याला." मी मराठी शिकवते, शब्दांवर माझं पोट आहे. पण इतकं नीट मला कधी सांगता आलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी अनितानं सुजाताला फोन केला. नवरा ट्रॅक्टर घेऊन पाथरीकडं गेलाय, संध्याकाळशिवाय येत नाही. मला पोरीला घेऊन निघायचंय. पण सामान भरता येत नाही. एक साडी घडी करते, मग पोरीचा फ्रॉक शोधायला जाते, मग मशीनवरचा धागा गुंडाळत बसते, आणि पिशवी रिकामीच. सुजाता म्हणाली, "हात लावू नको कशाला. मी सोबतीला येते." आणि गेली. पुढचं मला अनितानं सांगितलं. सुजातानं गाडी गावात नेली नाही, फाट्यावर लिंबाखाली लावली, आवाज नको म्हणून. चालत घरी आली. मशीनजवळ पाटावर नुसती बसून राहिली. "आता कागदं. आता पोरीचे कपडे. आता तुजे." इतकंच बोलत होती म्हणे, तेही हळू. ज्या बाईचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू जायचा ती. पिशव्या भरल्या. तिघी चालत फाट्यावर आल्या. सुजातानं कागदांची पिशवी स्कूटीच्या सीटखाली डिकीत ठेवली, अनिताला आणि पोरीला तिथं उभ्या असलेल्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसवलं. स्वतः मागून गाडीवर येणार होती. खिसे चाचपले. पर्स उपडी केली. किल्ली नव्हती.

"मशीनवरच ऱ्हायली वाटतं," ती म्हणाली. "तू बस. आलेच घिऊन."

किल्ली मशीनवर नव्हती. डिकी उघडली त्याच कुलपात, गाडीच्या मागच्या बाजूला, ती लटकत होती. सुजाता समोरून उभी होती म्हणून तिला दिसली नाही… आणि मी जिंतुरात होते, शाळेत, दुसरी किल्ली पर्समध्ये, फोन हातात. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. शोधायचं नाही, फोन करायचा, हा तिचाच नियम. मी आजही फोनमध्ये त्या दुपारचे कॉल उघडून बघते. तिथं तिचं नाव नाही. तिला नियम आठवला नाही. डोक्यात अनिता होती, पोर होती, सुटायची घाई होती; अशा वेळी आमच्या डोक्यात दुसरं काही राहत नाही, स्वतः केलेला नियमसुद्धा नाही. शेजारच्या कुणीतरी नवऱ्याला फोन करून कळवलं होतं. तो अर्ध्या वाटेतून, रानातल्या रस्त्यानं परतला होता. जीप भरेपर्यंत हलत नाही, त्यामुळं अनिता फाट्यावरच होती. सुजाता येईना म्हणून पोरीला एका म्हातारीच्या मांडीवर देऊन ती पळत मागं गेली. ओसरीत तो गज घेऊन उभा होता आणि सुजाता खाली पडलेली होती. तो थांबला नव्हता. अनितानं किती वार पाहिले ते ती सांगते. मी इथं सांगणार नाही. एवढंच लिहिते की सुजातानं दोन्ही हातांनी त्याचा पाय घट्ट धरून ठेवला होता, आणि अनिताला बघून ती ओरडली ते "वाचव" असं नव्हतं. "पळ" असं होतं.

त्यानंतर लोक बोलायला लागले. "किल्लीपायी जीव गेला बिचारीचा." "वेंधळेपणा नडला." माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्यानं चहा घेता घेता म्हटलं, "एवढीशी किल्ली हो, मॅडम!" मी चहाचा कप भिंतीवर फेकला. मला त्याची लाज वाटत नाही, फक्त भिंत मी पुसली. किल्लीनं कुणाला मारलं नाही. किल्ली डिकीला लटकत होती, गरीब गायीसारखी. जिच्या हातून किल्ली विसरली जाते अशी बाई या जिल्ह्यात घरोघरी आहे, तिच्या नशिबी उन्हात उभं राहणं असावं, फार तर एसटीनं घरी येणं. गज कुठून आला? जन्मभर हेच ऐकलं आम्ही: तू विसरलीस म्हणून मारलं, तुझं लक्ष नव्हतं म्हणून मारलं. आणि आता मेल्यावरही तिला तेच ऐकवायचं? मी नाही ऐकून घेणार. ज्यांनी त्या दुपारी ओसरीसमोर उभं राहून सगळं पाहिलं ते आता सांगतात, आमी तर रानात होतो. त्यांची आठवण बरी शाबूत आहे, वेंधळे फक्त आम्ही.

तिच्या आईला भेटायला मी पंधरवड्यानं गेले. म्हातारी दारातच बसलेली. पोलिसांनी परत दिलेली पर्स तिच्या मांडीवर होती. तिनं त्यातून माझ्या घराची किल्ली काढली, चिकटपट्टीवर अंगठा फिरवला. तिला वाचता येत नाही, पण अक्षर लेकीचं आहे हे तिला कळत होतं. "मी लय मारलं व माय तिला," ती म्हणाली. "सुदरंल म्हून मारलं. असं काई आसतंय म्हून मला कुनी सांगितलंच न्हाई… तिनं सांगितलं तवा ती चाळिशीची झाल्ती." मी तिच्या शेजारी बसले. संध्याकाळपर्यंत बसले. तेवढंच मला येतं, आणि ते तिच्या लेकीनंच शिकवलं होतं.

अनिता आता माझ्याकडं राहते, वरच्या खोलीत, पोरीसह. तिच्या माहेरून रोज निरोप येतो, मिटवून घे, पोरीचा बाप हाय. आणि नवऱ्याकडचे उघड सांगत फिरतात: ही डोक्याच्या गोळ्या खाते, सकाळी काय रांधलं ते हिला दुपारी आठवत नाही, हिची कसली साक्ष? सगळी केस त्या एका बाईवर उभी आहे, जिला स्वतःच्याच आठवणीचा भरवसा नाही. "मॅडम, मी तिथं गेले आन् गडबडले तर?" ती मला विचारायची. "कुटलं आदी, कुटलं मंग, इसरले तर? मंग ताई फुकट गेली ना." वकिलांनी आम्हाला बजावलं होतं, कुणी तिला काही शिकवायचं नाही, काय बोलायचं ते सांगायचं नाही. आम्ही शिकवलं नाही. आम्ही फक्त तिच्याजवळ बसलो. सुजाता गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी विहाराच्या खोलीत सगळे आले, एकही माणूस उशिरा आला नाही, आणि ज्या मंडळात कुणाला पूर्ण वाक्य मिळत नव्हतं ते मंडळ गप्प बसून राहिलं. सलीमभाई सगळा वेळ एक स्क्रू बोटांत फिरवत होते. अनिता मशीनवर नुसती सरळ शिवण घालावी तशी आपल्याशीच काही पुटपुटत होती.

न्यायाधीशांसमोर जबाब द्यायचा दिवस आला. आत तिला एकटीलाच जायचं होतं. मी आणि सलीमभाई बाहेर बाकावर. दार बंद झालं आणि मला वाटलं, आता ही पोर आत उभी राहील, आणि कुणीतरी विचारेल, मग पुढं काय झालं? आणि तिच्या डोक्यात एकदम शिलाईचा धागा येईल, पोरीचा फ्रॉक येईल… खूप वेळानं दार उघडलं. अनिता बाहेर आली. चेहरा धुतल्यासारखा. "सगळं सांगितलं," ती म्हणाली. "आदीपासनं शेवटापर्यंत. त्यांनी इचारलं, तुमाला इसरायचा आजार हाय ना? मी म्हनलं, हाय. दूध इसरते, डबा इसरते. पर त्ये समदं काई दूध न्हाई, साहेब. इसरता येईना." एवढं बोलून ती थांबली, आणि मग आम्हा तिघांच्याही एकदमच लक्षात आलं की ती अनवाणी आहे. चपला आत, दाराशी काढल्या होत्या, तिथंच राहिल्या.

"आलेच घिऊन," म्हणत ती वळली.

हे दोन शब्द ऐकून सलीमभाई बाकावरून असे उठले की बाक कलंडला. मी तिचा दंड पकडला, जरा जोरातच, तिला लागलं असेल. "एकटी नाही," मी म्हटलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग तिला कळलं, आणि ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. आम्ही तिघं मिळून चपला आणायला गेलो. शिपाई आमच्याकडं वेड्यांकडं बघावं तसा बघत होता. बघू दे. मंडळात तेव्हापासून ही तिसरी रीत आहे, कुणी ठरवली नाही, आपोआप झाली: विसरलेली वस्तू आणायला कुणी एकट्यानं मागं जायचं नाही. चष्मा असो, छत्री असो.

तिची स्कूटी अजून ठाण्याच्या आवारात धूळ खात उभी आहे. डिकीला लटकलेली किल्ली मुद्देमालात गेली. दुसरी मी विहाराच्या खोलीत नेऊन फळीवर टांगली, तिच्याच खिळ्यावर. माझ्या घराची जी किल्ली तिच्या पर्समध्ये होती ती आता अनिताकडं असते. चिकटपट्टी मी बदलू दिलेली नाही. पण माझी सवय काही सुटत नाही. दर रविवारी निघताना माझा हात माझ्या किल्लीकडं जातो आणि सुजाताची उचलतो. परवा तर मी बाजारापर्यंत गेले, भाजी घेतली, पैसे द्यायला पर्स उघडली आणि आत 'सुजाता' लिहिलेली किल्ली. माझी तिकडं खिळ्यावर. ऊन मी म्हणत होतं. अनिताच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, पोर कंटाळलेली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. अनितानं पिशव्या भाजीवालीजवळ ठेवल्या, पोरीचा हात धरला आणि माझ्याबरोबर मागं चालायला लागली.